आईची बशी

ता. ४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय, असं विचारलंस. प्लॅस्टिकच्या बशीत कातडीच्या पेशी वाढवायच्या आणि दिव्याने त्यांच्यावर अतिनील किरण सोडायचे. उन्हात कातडी भाजते ती ह्याच किरणांनी. त्यांचा मार बसला की पेशीतली एरवी झोपलेली काही जनुकं जागी होतात. कोणी दुरुस्तीला लागतं, कोणी पेशीची वाढ रोखून धरतं. माझ्या पेशींत मात्र कोणी कूसही बदलत नाही. दिवा बदलला, वेळ वाढवली, तरी ढिम्म. महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद, असं सर म्हणाले. मग गाशा गुंडाळून घरी. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

लोभ असू द्यावा, काळजी कमी करावी.
तुझी,
ठकी

ता. १० मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद.

बाबांना सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असताना लिहिलंस कशाला? ते टोपी न घालता दिवसभर गच्चीच्या कठड्याला रंग देत बसले, नाक सोलून निघालंय. त्यांची जनुकं खडबडून जागी झाली असणार. तुझ्या पेशींना पाठव त्यांच्याकडे शिकवणीला.

हिरमुसू नकोस. निष्काळजीपणा तुझा नसणार. पाण्याचा पेला उघडा राहिला तरी मी घर डोक्यावर घ्यायचे, ते वळण तुला लागलंय. तिथेही सगळं झाकून करतेस ना?

आणि काम बंद झालंच तर आभाळ कोसळत नाही. धूळ बसू नये म्हणून तुझ्या पलंगावर घातलेली जुनी चादर मी काढून ठेवलीय.

तुझी,
आई

ता. १७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दिव्याखाली बशी ठेवताना मी झाकण काढतच नव्हते. उघड्या बशीत काही पडलं तर, ही धास्ती. आणि झाकण दिसायला पारदर्शक असलं तरी हे किरण त्यातून पार होत नाहीत. म्हणजे इतके दिवस पेशी सावलीत लोळत होत्या.

काल सरांसमोर झाकण काढलं, तेव्हा माझाच जीव वरखाली होत होता. आज पाहिलं तर दुरुस्तीची जनुकं झाडून सगळी कामाला लागलेली. कारण कळल्यावर सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. आईंना नमस्कार कळवा म्हणाले, पण इकडे बोलावू नका. तुलनेसाठी एक बशी आता आम्ही मुद्दाम झाकून ठेवतो. तिला सगळे ‘आईची बशी’ म्हणतात. काम आणखी दोन वर्षं चालणार.

रागावू नये, लोभ आहे तसा ठेवावा.
तुझी,
ठकी

ता. २४ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद.

घराण्याचं नाव काढलंस हो. बाबा नाक धरून हसताहेत. मी आधी फुगून बसले होते, मग मलाही हसू आवरेना. शेजारणीला मात्र मी एवढंच सांगितलं, की माझ्या नावाची एक बशी आहे तिथे.

फार आनंद झाला ग. आणि ‘दोन वर्षं’ हे वाचून रडूही आलं. आज तुझ्या पलंगावर ती चादर परत घातली. जन्मभर झाकणं घालत आले, पण हे घालताना हात चालेना.

लोभ आहेच, तूही कळवत जा.
तुझी,
आई