उलटा तलाव

२ फेब्रुवारी
कॅमेरा घरी आला. खरा कॅमेरा. लाकडी पेटी, पितळी स्क्रू, चामड्याचा भाता. फिल्मची एक एक शीट स्वतंत्र, पोस्टकार्डाएवढी. एका शीटवर एकच फोटो. कोपऱ्यावरच्या पासपोर्टवाल्याकडून घेतला, त्याच्या वडिलांचा. घरात असलं रत्न असून हा गृहस्थ जन्मभर गिऱ्हाइकाचे दोन्ही कान दिसतायत की नाही तेवढंच बघत बसला. गाढवाला गुळाची चव काय. म्हणाला, साहेब, आठवडाभर दुकानात या, फिल्म भरायला शिकवतो. मी नुसता हसलो. पासपोर्टवाला मला लँडस्केप शिकवणार!

संकल्प : महिन्याला चारच फोटो, पण असे की बघणाऱ्याने खुर्ची ओढून बसावं. फोटोग्राफीच्या वेळी मोबाईल बंद. त्या खेळण्याची सावलीही कॅमेऱ्यावर पडता कामा नये.

४ फेब्रुवारी
विषय चालत आला. सासरे दोन महिन्यांपासून आमच्या पुढच्या खोलीत पडून आहेत. खुब्याचं हाड. गावाबाहेरच्या तलावावर एकतीस वर्षं गेटकीपर होते. दारं उघडायची, दारं लावायची आणि भिंतीवर बसणाऱ्यांना हाकलायचं, एवढं आयुष्य. आता भिंतीला तडे गेलेत, म्हणून पाटबंधारे खातं २८ तारखेला सगळं पाणी सोडून देणार आणि मग भिंत पाडणार. हिने पेपरातून वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, एकदा भरलेला बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

साडू हजर होतेच. लगेच म्हणाले, ड्रोन सोडतो, दहा मिनिटांत टीव्हीवर दाखवतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी शांतपणे सांगितलं की घारीला दिसतं त्याला फोटो म्हणत नाहीत. तलावाचा फोटो मी काढणार. दाराएवढा. पलंगावरून बघता येईल असा समोर लावणार. सासऱ्यांचा चेहरा खुलला. साडूंनी पडतं घेतलं, म्हणाले, तुम्ही काढताय तर मी मध्ये पडत नाही. माणसाला आपली पायरी कळली. ही माझ्याकडे बराच वेळ बघत होती. अभिमानाने, बहुतेक.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
निघालो. सामान चौदा किलो. ऑफिसात अर्धी रजा टाकली आहे. आवक-जावक विभाग माझ्याशिवाय चार तास कसा चालतो ते बघू.

दुपारी ३.००
चालला.

डोक्यावर काळं कापड घेतलं की मागच्या काचेवर तलाव उलटा दिसतो. पाणी वर, आकाश खाली. अंगावर काटा आला. तिथल्या वॉचमनने दोनदा येऊन विचारलं की बरं वाटत नाहीये का. अशा लोकांसाठी कला नसते. दोन फोटो काढले. दोन्ही अप्रतिम.

८ फेब्रुवारी
बाथरूममध्ये अंधार करून फिल्म धुतली. तीन तास. हिने चार वेळा दार वाजवलं, एकाग्रतेची कदर शून्य. दोन्ही फिल्मा कोऱ्या. खिडकीच्या काचेसारख्या स्वच्छ. पासपोर्टवाला म्हणतो, फिल्मपुढची काळी पट्टी ओढायची राहिली असणार. त्याला काय कळतंय. मी ओढली होती. निदान ओढायची हे पक्कं ठरलेलं होतं.

११ फेब्रुवारी
पट्टी ओढली. दोन्ही वेळा. पण या वेळी दोन्ही फिल्मा काळ्याकुट्ट. लेन्स उघडी ठेवूनच पट्टी ओढली असेल, असं पासपोर्टवाला. याला दुसऱ्यांच्या चुका काढण्यापलीकडे उद्योग नाही. माझ्या मते सूर्य प्रमाणाबाहेर होता.

सासऱ्यांनी विचारलं, झाला का फोटो. म्हटलं, कला वेळ घेते. ते म्हणाले, पाणी अठ्ठावीसला सुटणार.

१५ फेब्रुवारी
यश! फिल्मवर चित्र आलं. एकाच फिल्मवर दोन आली, हा वेगळा भाग. तलावाच्या भिंतीतून एक अख्खं झाड वर गेलं आहे. विलक्षण गूढ परिणाम. लोक यासाठी वर्षानुवर्षं झुरतात. सासऱ्यांना दाखवलं. चष्मा लावून खूप वेळ बघितलं आणि विचारलं, दोन नंबरच्या गेटात झाड कुणी लावलं? टेक्निकल माणूस. चालायचंच.

ही म्हणाली, भावोजींचा ड्रोन अजून आहे. यावर मला तिला फिल्म आणि डिजिटल यांतला फरक समजावून सांगावा लागला. वीस मिनिटं. मध्येच सासऱ्यांना औषध द्यायला म्हणून उठून गेली ती परत आली नाही.

१९ फेब्रुवारी
वारा. पाण्यावर तरंग. काळं कापड उडून तलावात पडलं, ते काढताना एक बूट गेला. असल्या पाण्याचा फोटो काढायला मी साफ नकार दिला. उरलेल्या शीट्स दोन. दर्जाशी तडजोड नाही.

घरी आलो तर साडू सासऱ्यांशी पत्ते खेळत बसलेले. फोटोबद्दल चकार शब्द नाही. मत्सर माणसाला मुका करतो.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीत बसायची परवानगी दिली. ही म्हणाली, तुम्ही जातच आहात, एक दिवस बाबांनाही घेऊन जाऊ. सांगितलं की मागच्या सीटवर ट्रायपॉड असतो. आणि एकदा तिथे नेलं की ते फ्रेममध्ये येणार. लँडस्केपमध्ये एक माणूस आला की त्याची सहल होते. शिवाय प्रत्यक्ष जाऊन काय मोठं दिसणार आहे? डोळ्यांना सगळंच दिसतं, म्हणून काहीच दिसत नाही. फोटोत दिसेल. ही म्हणाली, बरं. एवढंच. एका शब्दात पटलं, हे लग्नानंतर पहिल्यांदाच.

२६ फेब्रुवारी
झालं! आज झालं.

वारा नाही. पाणी आरशासारखं. सगळं शिस्तीत, पट्टी, लेन्स, सगळं कागदावर लिहून नेलं होतं. फोकस लावला. आणि समोरच्या काठाला, बरोबर भिंतीवर, चार माणसं! काचेवर उलटी, वटवाघळांसारखी लोंबकळलेली. त्यातला एक महाभाग तर बसायला घरून खुर्ची घेऊन आला होता. लोकांना कुठे काय करावं याचं भानच उरलेलं नाही. बारा मिनिटं थांबलो. हलायचं नाव नाही. ऊन वर सरकत चाललेलं. शेवटी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, मी खात्याचा माणूस आहे, भिंतीवर बसायला मनाई आहे, ताबडतोब खाली उतरा. तीनदा ओरडलो. एकाने इकडे येण्यासाठी तरातरा चालायला सुरुवात केली, पण त्याला मागे बोलावलं असावं. खुर्चीवाल्याने हात वर केला, आणि निघाले गुपचूप. माझ्या आवाजात जरब आहे, हे ऑफिसात कुणी कधी मान्य केलं नाही.

भिंत मोकळी. अर्धा सेकंद. क्लिक.

२७ फेब्रुवारी
निगेटिव्ह निर्दोष. मोठी प्रिंट करायला पासपोर्टवाल्याकडे टाकली. उजेडासमोर धरून तो नुसतं ‘चांगली आहे’ म्हणाला. जळला.

ही कालपासून बोलत नाही. थकली असेल. तिने आपणहून विचारावं म्हणून बरीच वाट बघितली, मग मीच सांगितलं की फोटो जमला. भांडी लावत राहिली.

१ मार्च
प्रिंट आली. पाणी अठ्ठावीसला सुटलं, पेपरात चिखलाचा फोटो आहे, मोबाईलवरचा असणार. माझ्या प्रिंटमध्ये मात्र तलाव काठोकाठ. सासऱ्यांच्या पलंगासमोर धरून उभा राहिलो.

खूप वेळ बघितलं. म्हणाले, झकास. भिंतीचा दगड न् दगड मोजता येतो. मग म्हणाले, मी जाऊन आलो की सव्वीसला.

विचारलं, कुणाबरोबर? म्हणाले, तुमच्या साडूंनी गाडी काढली, दोघी मुली बरोबर होत्या. तुम्हाला खूप फोन लावले म्हणे, बंद होता. मोबाईल काढून बघितला. अकरा मिस्ड कॉल. सव्वीसचे.

सांगत होते, पण फार बसता आलं नाही हो. जेमतेम पाव तास. पलीकडच्या काठावरून खात्याचा माणूस ओरडायला लागला. मला नीट ऐकू येत नाही, मुलींनी सांगितलं, उतरा म्हणतोय. तुमचे साडू भांडायला निघाले होते, मीच परत बोलावलं. एकतीस वर्षं मी लोकांना त्या भिंतीवरून उठवलं, आता माझ्यासाठी नियम वेगळा का? माणूस आपलं काम करत होता. मी हात वर करून सलाम केला त्याला. हल्ली इतकी ड्यूटी कोण करतं!

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ड्रोन नेला होता का. म्हणाले, नाही, कुणी फोटोच काढला नाही. बघायला गेलो होतो.

प्रिंट धरून हात भरून आले होते, पण ती खाली ठेवता येईना. ठेवली असती तर माझं तोंड दिसलं असतं.

ही तिथेच चादरीची घडी घालत होती. सासऱ्यांनी तिला विचारलं, तुझी नजर चांगली आहे, कोण होता गं तो? आपल्या वेळचा होता का कुणी?

ती म्हणाली, नाही बाबा. ओळखीचं कुणी नव्हतं.