स्टेजवर नुजहत, खाली मी

१० नोव्हेंबर, सोमवार

पॅकिंग खात्यातल्या बायांनो! पाळीभर उभं राहून तुमच्या पोटऱ्यांच्या शिरा निळ्या पडल्या, आणि या सूतगिरणीला तुमच्यासाठी एक स्टूल परवडत नाही!

— बुधवारच्या वर्धापनदिनाला अशी सुरुवात करायची. आरशासमोर म्हणून पाहिली. जमतेय. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्या, असं कारखाना कायद्यातच लिहिलेलं आहे. आम्ही अर्ज केले, गेटसभा घेतल्या. मॅनेजर विजयसिंहांचं उत्तर ठरलेलं — "बसलं की माणूस सुस्तावतो, ताई." युनियनच्या वतीने बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. मालकासमोर! पुरेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज फक्त दुधवाल्याशी बोलले. "अर्धा लिटर." उद्यासाठी आवाज जपतेय, असं स्वतःला सांगितलं. खरं तर बोलायला कुणी नव्हतंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दहा मिनिटं गेली! मंडपात शिरले तोच विजयसिंह हात जोडून पुढे — "ताई, आज अचानक मोठ्या पाहुण्या आल्यात. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

पाहुणी म्हणजे नुजहत! कुरुंदवाडची पोर, भारताच्या खो-खो संघाची कर्णधार. शाळाशाळांत तिचे फोटो. तिचं नाव पुकारलं आणि मंडप दणाणला.

मी कुढत बसले. आता जिद्द, घाम, मेहनत — मालकाला हवं तेच बोलणार! तर तिने माइक हातात घेतला आणि मागे पाहून विचारलं, "मावशी, तुम्ही उभ्या का?"

पॅकिंगच्या बाया मागे ओळीने उभ्या होत्या. पुढे खुर्च्या रिकाम्या! मी तासभर तिथेच होते, माझ्या ध्यानातही आलं नाही. अंबूबाई तिथून ओरडली, "उभंच ऱ्हायची सवय हाय की आमास्नी!" मंडप हसला. नुजहत नाही हसली.

"आमच्या खेळात एक पळती, आठ जणी बसून असत्यात. त्या आठ जणी काय आळशी हाईत व्हय? बसल्यावरच उठायचं बळ येतंय. बसा की मावशी."

आणि त्या बसल्या. विजयसिंहांच्याच रांगेत! माझ्या इतक्या भाषणांनी एकही बाई कधी खाली बसली नव्हती.

टाळ्या मीही वाजवल्या, मनापासून. मग सेल्फीची झुंबड. माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या ओस पडल्या. कँटीनच्या गुंडूने जिलेबीची प्लेट पुढे केली. "बाई, तुमी पावण्यांबरोबर आलासा व्हय?"

एकोणीस वर्षं मी या गेटवर बोलतेय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अंबूबाईला निलंबित केलं! सूत भरलेल्या पेटीवर जरा टेकली होती. सुपरवायझर म्हणाला, ऊठ. ही म्हणाली, "नुजहत बसती ते चालतंय, आन् मी बसले तर न्हाय?" पुढची सूचना मिळेपर्यंत कामावर यायचं नाही.

पाळी सुटताना गेट गाठलं. बोलले — अंगार बोलले! बायांनी टाळ्या वाजवल्या, पायांत चपला सरकवल्या आणि इचलकरंजीची बस धरली. अंबूबाई त्याआधीच निघून गेली होती. मी कोल्हापूरच्या एसटीत, खिडकीशी. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घसा बसलाय. वाचायला घेतलं, अक्षर लागेना. एकच विचार — मी इतकं तावातावाने बोलते, की ऐकणाऱ्यांना वाटत असेल, झाली लढाई! चला घरी. हे विचारावं तरी कुणाला? कपाटभर पुस्तकं आहेत. पण एकही माणूस नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंबूबाईचा फोन. युनियनचं काही असेल म्हणून आधी पेन शोधला.

"ताई, सोमवारी पयल्या पाळीला आत समद्या जणी खाली बसणार. ठरलंय. मला आत सोडत न्हाईत, मी गेटाम्होरं बसणार."

मी म्हटलं, येते! जोरदार बोलते!

"बोलू नगासा, ताई. एकटीला कसंतरी वाटतंय बघा. माज्याजवळ येऊन बसा."