दुसऱ्या बिशपांनी खुर्ची का सोडली

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, कुरकुर त्याहून ठणठणीत. उन्हाळ्यानंतर तुझं पत्र नाही, पण त्यावरून भांडायला आज बसलेली नाही.

आपल्या धर्मप्रांताला पन्नास वर्षं होतायत. त्याचा इतिहास लिहायचं काम शाळेतल्या इतिहासाच्या बाईंच्या, म्हणजे माझ्याच गळ्यात पडलंय. कंटाळवाणं असेल वाटलं होतं. पण पहिल्या बिशपांना राहायला घरसुद्धा नव्हतं, माहितेय तुला? मोठ्या धर्मप्रांतातून आपला तुकडा वेगळा काढला, तेव्हा ते एका छापखान्याच्या माडीवर राहायचे. खाली यंत्र धडधडायला लागलं की वर मिस्साची प्रार्थना थांबायची! तिसऱ्यांनी दवाखाने काढले आणि गेल्या वर्षी देवाघरी गेले. मधल्या, दुसऱ्या बिशपांपाशी मात्र माझं घोडं अडलं. धडधाकट माणूस, निवृत्ती अजून कितीतरी लांब, आणि एकाएकी राजीनामा. सुवर्णमहोत्सव समितीचे फादर म्हणाले, 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहून मोकळ्या व्हा. मला राहवेना. ते अजून आहेत, वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात. सरळ जाऊन धडकले.

बागेत वाटाणे सोलत बसले होते. टोपली माझ्याही पुढे सरकवली आणि आढेवेढे न घेता सांगू लागले. एका बाईचा मुलगा गेला होता. ती भेटायला आली, यांनी जवळ बसवून धीर दिला. काही दिवसांनी ती पुन्हा आली, तर यांनी विचारलं, कोण आपण, काय काम काढलंत?

"तो विसरभोळेपणा नव्हता," ते म्हणाले. "नव्या इमारतींचे नकाशे मला तोंडपाठ होते. माणसंच डोक्यात राहत नव्हती."

"मग सोडलंत ते बरोबर केलंत?"

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "अजून ठरत नाही. माझ्यामागे खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. शाळा बंद पडल्या. त्यातली एक त्या बाईच्याच गावातली."

मी जसंच्या तसं लिहिलं. समितीच्या फादरांचा चेहरा उतरला, पण म्हाताऱ्यांनी स्वतः फोन करून राहू द्या म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना.

निघताना बिशपांनी तुझी चौकशी केली. "भाऊ बरा आहे ना?" एवढीच. इकडे सगळीकडे कुजबुज आहे की चौथे बिशप म्हणून नाव तुझं. खरं असलं तरी रोमहून जाहीर होईपर्यंत तुला सांगायची मुभा नसते, म्हणून विचारत नाही.

माझं मात्र सांगून टाकते. तू लांब आहेस म्हणून आमच्या वाट्याला येत नाहीस, अशी इतकी वर्षं मी आईची समजूत काढत आले. हाकेच्या अंतरावर राहूनही आला नाहीस, तर काय सांगू तिला? आणि माझी समजूत कोण काढेल?

हो म्हण, नाही म्हण. तू फार चांगला बिशप होशील, यात मला शंका नाही. भीती त्याचीच वाटते.

तुला आजवर एकदाही 'फादर' न म्हणालेली,
तुझी धाकटी