उरलेली चकती

३ तारीख
आज लॅबमध्ये रुजू झाले. नवा कोरा पांढरा कोट, आणि आल्या आल्या त्यावर चहा सांडला! काम मोठं मजेचं आहे. पाण्यानं फुगलेल्या मऊ जेलमध्ये कार्बनच्या नॅनोट्यूब मिसळायच्या, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक नळ्या. तुटलेल्या नसेवर या जेलची पट्टी बसवली की संवेदना पुढे जाते. काचेनं कापल्यापासून माझा डावा पंजा बधिर आहे. पुढची पट्टी तुलाच बसवू या, असं लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी एका पायावर तयार! चिमणीनं, माझ्या लेकीनं, हात धरला तर मला कळावं, एवढंच मागणं.

११ तारीख
पट्टी बसली. इथली रीत अशी की पट्टी कापून उरलेली चकती टाकायची नाही. ती कोमट पाण्यात ठेवायची आणि सुई टोचून वीज वाहते का ते रोज बघायचं. पेशंट बरा झाला की सफाईच्या दिवशी तिच्यावर ब्लीच ओततात. माझी चकती मीच टोचते. घरचंच कार्य म्हणायचं.

१६ तारीख
चिमणीनं बोट धरलं आणि कळलं! ऊबसुद्धा! ढसाढसा रडले. आनंदाच्या भरात चकतीच्या झाकणावर ‘पेशंट बरी’ लिहूनही टाकलं.

१९ तारीख
चकतीला सुई टोचली, ती माझ्या तळहाताला लागली. मनाचे खेळ, म्हणून डॉक्टरीणबाई हसल्या. मला पाठमोरी उभी करून त्यांनी स्वतः टोचली. मी किंचाळले. त्यांनी मला सुट्टीवर पाठवलं आणि मोठ्या डॉक्टरांना विचारायला परगावी गेल्या.

२२ तारीख
डावा हात पुन्हा बधिर. उजवाही. गालसुद्धा. जीभ पोळून फोड आलाय, मला पत्ताच नाही. कळतं ते फक्त चकतीभोवतीचं कोमट पाणी. तेही घरी बसून. भीती वाटायला हवी, पण तीही धड वाटत नाही.

२४ तारीख
तू मला जवळ का घेत नाहीस, म्हणून चिमणी रडली. मी घेतलंच होतं — बघितलं तर उशी होती.

२५ तारीख
आज सफाई. झाकणावर माझंच अक्षर, ‘पेशंट बरी’! दोघींच्याही लक्षात आलं नाही — लॅबमध्ये फोन कुणी उचलत नाही. दारापर्यंत गेले, पडले. पाय आहेत कुठे —

चिमणी हात धरून बसलीय. दिसतंय. कळत नाही.

झाकण उघडलं. गार हवा लागली —

चिमणे, तू बाहेर जा, मी ओरडेन, तू घाबरू नको — अगं आई गं, हे —