दोन नंबरचं टेबल

नांदेड, गुरुवार

प्रिय मन्मथ,

सोबतचं पुडकं आधी उघडू नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग उघड. तुझी घाई मला ठाऊक आहे. बॉल लावून व्हायच्या आतच तू स्टिक घेऊन उभा असायचास.

तुझा मेसेज येऊन तीन दिवस झाले. लातूरच्या तुझ्या हॉलमध्ये पूलची लीग घेऊ का, लीग भरवणाऱ्या सुदर्शनला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय, काका तुम्ही म्हणाल तसं करतो, असं तू लिहिलंस. तीन पूल-टेबलांचा हॉल, आणि ट्यूशनची पोरं परीक्षा जवळ आली की गायब. तुझ्या जिवाला घोर लागला असणार. वर सुदर्शन सांगत होता की इथली फायनल हरल्यापासून तू स्टिकला हातच लावला नाहीस, नुसता काउंटरवर बसतोस. ते ऐकून दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला. मग म्हटलं, लिहावंच.

त्यानं माझ्या हॉलमध्ये घेतलेल्या लीगनं फायदा झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. चारही टेबलांना नवं कापड आलं, भिंतींना रंग लागला, पेपरात फोटो छापून आला. भोकरहून, बिलोलीहून पोरं यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. तुझ्या अंजूकाकूनं तेवीस वर्षांत माझ्या हॉलला ‘टवाळांचा अड्डा’ सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं. ती उद्घाटनाला नवी साडी नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली.

पण नंतर जे पाहिलं त्याचा मला वीट आला. ज्यांनी जन्मात स्टिक धरली नाही अशा नऊ जणांचे चेहरे असलेलं बॅनर माझ्याच दारावर. खेळणारा वाकला की मागून स्पीकरवर ढणढणाट. गडी शॉट मारण्याआधी केसांतून कंगवा फिरवणार, कारण व्हिडिओ चालू. भोकरची टीम जिंकली तेव्हा चौघे बुटांसकट टेबलावर चढले. नव्या कापडावर, मन्मथ! जिन्यातल्या कोपऱ्यांचं काय झालं ते विचारूच नकोस, गुटख्याचा वास अजून गेलेला नाही. आणि मी काय करत होतो? यजमान ना मी, गळ्यात हार घालून हसत उभा होतो.

वसंतराव सर तुला आठवतात, आपले गणिताचे. बॉल टेबलाच्या कडेच्या कुशनला लागून कसा फिरतो ते तुला खडूनं फरशीवर काढून दाखवणारे. एकोणीस वर्षं रोज पाचला येऊन दोन डाव खेळून जायचे. लीग सुरू झाल्यावर मी त्यांना म्हणायला लागलो, सर, आज टीमची प्रॅक्टिस आहे, उद्या या. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी फळीवरची आपली खडूची डबी उचलली आणि म्हणाले, “आनंदराज, तुझ्याकडं टाळ्याच लई वाजून राहिल्यात आता. खेळ ऐकू येईना.” ते परत आले नाहीत. त्यांच्यासारखी रोजची दहा-अकरा माणसं गेली. लीग संपली आणि टीमवालेही उठून गेले. आता पाच वाजता मी आणि चार टेबलं, एवढेच असतो.

गर्दी येते-जाते, ते मी सोसलं असतं. खरं नुकसान दुसरंच आहे. तू कॉलेजात असताना पहिल्यांदा वर आलास, तेव्हा मी तुला स्टिक दिली नव्हती, आधी बाह्या दुमडायला लावल्या होत्या. आपल्या हॉलचा रिवाज तोच. तरीही बाही, बोट, काहीही बॉलला लागलं, तर ज्याचं लागलं त्यानंच ‘लागला’ म्हणायचं, पांढरा बॉल उचलायचा आणि समोरच्याच्या हातात द्यायचा. त्यानं तो वाटेल तिथं ठेवून खेळायचं. समोरच्यानं पाहिलं असलं तरी तोंड उघडायचं नाही, कारण विचारणं म्हणजे अपमान. अठरा वर्षांचा असताना तू एकदा कुणाच्याही लक्षात न आलेला फाउल स्वतः सांगितलास आणि हातातला डाव घालवलास. ती गोष्ट मी आल्या-गेल्याला सांगत आलोय.

लीगमध्ये रेफरी आला. त्यानं पाहिलं तर फाउल, नाहीतर काहीच नाही. दोन महिन्यांत माझ्या हॉलमध्ये ‘लागला’ हा शब्द ऐकू येईनासा झाला. आपल्याच एका पोराला मी झापलं, तर म्हणतो, “काका, रेफरी हाय की. आपण कशाला बोलावं?” बॅनर उतरलं, स्पीकर गेले, पण ही घाण मात्र इथंच राहिली.

आता फायनलचं लिहितो, त्यासाठीच बसलोय. सुदर्शननं सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे ढगळ टी-शर्ट घातले होते आणि दुमडायला बंदी केली होती, कारण बाहीवर पाइपच्या दुकानाचं नाव होतं. शेवटचा डाव तुझ्या-माझ्यातच आला, तुझे दोन बॉल शिल्लक, माझा फक्त काळा. मी लांबून वाकलो आणि बाही तुझ्या लाल पट्ट्याच्या अकरा नंबरला घासली. तो तिळभर हलला. रेफरी कॅमेऱ्याकडे बघत होता. तू माझ्यासमोर उभा होतास. तू एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि मग मान खाली घालून थांबलास. मी काळा घातला आणि फायनल जिंकलो. तू हरणाऱ्याच्या रिवाजानं बॉल परत लावलेस, माझ्या पाया पडलास आणि लातूरची गाडी धरलीस. एवढा वेळ बॅनर, गुटखा, बूट यांची जी शिसारी सांगत होतो, ती खरं तर माझी मलाच आलेली आहे. आठवड्यानं सुदर्शनला खरं सांगितलं, तर म्हणाला, पेपरात फोटो कधीच गेले, आता कशाला उकरता. लीग घ्यायची की नाही ते तूच ठरव. गप्प बसलेल्या माणसाला सल्ला द्यायचा हक्क नाही. घेतलीस तर बाह्या मात्र दुमडायला लाव. मी सुदर्शनच्याच व्हिडिओवरून दोन नंबरच्या टेबलावर तिन्ही बॉल होते तसे ठेवलेत आणि वर कापड टाकलंय, कुणाला हात लावू देत नाही. पांढरा तेवढा तिथं नाही. तो पुडक्यात आहे. घेऊन ये, आणि तुला वाटेल तिथं ठेव. लागला होता, मन्मथ.

तुझाच,
आनंदराजकाका