परत न मिळणारं तिकीट

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पाकीट चुकून माझ्याकडे आलंय. भावोजी आणि क्रूझ? बसचं भाडं वाचवायला तीन थांबे पायी चालणारा माणूस आठ दिवस बोटीवर मिरवणार? पुढे वाचलं, की हौस तुझीच आहे आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नाहीस. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता कामाचं. मी बोटींच्या बुकिंगच्या ऑफिसात असलो तरी बसतो रद्द करणाऱ्यांच्या टेबलावर. सतरा वर्षांत माझ्यासमोर कोणी हसत आलेलं नाही. म्हणून माझं ऐक. तिकिटं दोन तऱ्हेची असतात. साधं तिकीट रद्द केलं, तर तीन महिने आधी पाव रक्कम कापतात, दोन महिने आधी निम्मी, आणि शेवटच्या महिन्यात सगळीच. दुसरं सवलतीचं. त्यात शंभराचे साठच भरायचे, पण भरले की भरले. लग्न मोडो, पाय मोडो, दमडी परत नाही.

तू जाड अक्षरात लिहिलंयस की तुला ते दुसरंच हवंय, आणि तेही थेट नोव्हेंबरचं. भावोजी बाहत्तरचे. नऊ महिन्यांत काय होईल कोणी सांगावं? चार पैसे जास्त गेले तरी साधं घे. उलट टपाली कळव, म्हणजे नाव घालतो.

भावोजींना नमस्कार, पण कशाबद्दल ते सांगू नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, त्यात सवलत नको.

तुझा,
ढब्बू


२२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहितेय. शेजारी गिऱ्हाइकाचे पडदे पडलेत, हात चालत नाही. ह्यांच्या रक्तात काहीतरी वाईट निघालंय. नाव लांबलचक आहे, लिहून काय करू? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ऑगस्ट दिसला तर खूप. ह्यांनाही ठाऊक आहे. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस, रिपोर्ट हातात आल्या आल्या तांबडी पेन्सिल काढली आणि दोन चुका दुरुस्त करून परत दिला. मग घरी आल्यावर म्हणाले, की आता नवीन चपला घेऊ नकोस माझ्यासाठी.

त्या चपलांनीच माझं डोकं फिरलं. तुला तो सिनेमा आठवतो? पंखे बंद, आवाज फाटलेला, अर्धं थिएटर उठून गेलं. आपण दोघं बाहेर येऊन उभे राहिलो, आणि हे मात्र आत एकटे शेवटची पाटी येईपर्यंत बसून होते, कारण तिकिटाचे पैसे दिले होते. दाढ सुजून गाल टम्म झाला होता, तरी छापखान्याच्या सहलीला गेले, कारण वर्गणी भरली होती. पैसे मोजलेली गोष्ट ह्या माणसाने जन्मात वाया घालवलेली नाही.

म्हणून मला परत न मिळणारंच तिकीट हवं. तू वेड्यात काढशील, काढ. पण पैसे परत मिळणार असतील तर हे निर्धास्त जातील, ढब्बू. बुडणार असतील तर दात-ओठ खाऊन थांबतील. माझ्याकडे दुसरा काही उपाय नाही. डॉक्टरांकडेही नाही.

वीस नोव्हेंबरचंच काढ. माझी शिलाईच्या दुकानातली शिल्लक पाठवतेय. ताईवर जीव असेल तर उलट प्रश्न करू नकोस.

तुझी,
ताई


३० ऑगस्ट

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

ऑगस्ट दिसला! उद्या संपतोसुद्धा आहे. डॉक्टरांना मी काही बोलले नाही, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना जरा जोरातच पाय आपटले.

तिकीट बघून ह्यांनी पहिला आठवडाभर काय तांडव केलं ते मागे लिहिलंच होतं. आता तेच तिकीट आरशाच्या कडेला खोचलंय आणि दाढी करता करता वाचतात. सकाळी जिन्यापासून गॅलरीच्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात. विचारलं तर म्हणाले, की डेकवर चालायची सवय करतोय. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात रक्त चढवतात. त्या दिवशी पांढरेफटक जातात आणि तोंडावर रंग घेऊन येतात. दोन घास जास्त खातात, मला टोमणे मारतात. डॉक्टर म्हणतात, रक्त चुकवून चालायचं नाही, बाकी किती दिवस ते विचारू नका. मी विचारत नाही.

बोटीवर एक दिवस कोट घालून जेवायचं असतं ना, म्हणून लग्नातला कोट काढलाय. तीनदा आत घेतला. पाठीच्या शिवणीत आता दुमडलेलं कापड मावत नाही, पुढच्या वेळी काय करू कोण जाणे.

एवढं सोडलं तर बरं आहे. मी जिंकतेय असं वाटतं कधीकधी. कोणाला सांगू नकोस, दृष्ट लागेल.

तुझी,
ताई


१५ सप्टेंबर

चि. मेहुणेराजांस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कंपनीच्या नियमांची चोपडी भिंग लावून वाचून काढली. ही छापायला ज्याने परवानगी दिली त्याला माझ्याकडे महिनाभर उमेदवारीला पाठव. अठ्ठावीस पानांत एकतीस चुका आहेत, यादी सोबत जोडतो. कलम नऊ दोनदा आलंय आणि दहा गायब आहे. लोकांचे पैसे कापताना एवढी घाई बरी नव्हे.

तुझी ताई मला बोटीवर चढवणार म्हणून हट्टाला पेटलीय. शिवणीतून कोट काढते आणि कोटातून मला. करू दे. तिच्या हाताला काम हवं असतं.

एक शंका आहे, फक्त वाक्यरचनेची. कलम चौदा. प्रवाशाचा मृत्यू झाल्यास सवलतीच्या तिकिटाचीही पूर्ण रक्कम सहप्रवाशास परत, मात्र घटना प्रवासाच्या किमान तीस दिवस आधी घडलेली असावी. आता हे तीस दिवस कुठून मोजायचे? बोट सुटण्याचा दिवस धरून की सोडून? आणि तारीख मृत्यूची, की तुमच्याकडे कागद पोचल्याची? पूर्ण म्हणजे दोघांची की गेलेल्याची? वाक्य तिन्ही अर्थांनी वाचता येतं. प्रुफ तपासणाऱ्याने असं वाक्य सोडू नये.

सवडीने उत्तर दे. ताईला पत्रात गुंतवू नकोस, ती मृत्यू हा शब्द पाहिला की दोन दिवस जेवत नाही. तुझ्या पोटाच्या घेराला आशीर्वाद, तो असाच वाढता राहो.

तुझा,
भावोजी


२३ सप्टेंबर

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब आधी लाल झाले, मग म्हणाले, की हे गृहस्थ नोकरी करतील का? पुढच्या आवृत्तीत कलम दहा परत येतंय. सतरा वर्षांत माझ्यामुळे ऑफिसात काहीतरी सुधारलं, ते तुमच्या जिवावर.

कलम चौदाचं म्हणाल, तर तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. इथे नवीन पोरंसुद्धा त्यात गोंधळतात. सुटण्याचा दिवस सोडून मागे तीस मोजायचे. तुमच्या बोटीपुरतं बोलायचं तर एकवीस ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. तारीख मृत्यूची धरतात, दाखला मागाहून आला तरी चालतो. आणि पूर्ण म्हणजे दोघांची, काहीही न कापता. बावीसला मात्र काही नाही. माझ्या टेबलावर असे कागद आलेत, म्हणून खात्रीने सांगतो.

पण आपल्याला त्या कलमाशी काय करायचंय? तुम्ही कोट घालून जेवतानाचा फोटो पाठवा, मी टेबलावर लावीन. रद्द करणाऱ्यांना तेवढंच काहीतरी बघायला.

ताईला साष्टांग. आमच्यावरचा लोभ प्रुफासारखा तपासू नये, चुका निघतील.

आपला,
ढब्बू


२० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तू चार दिवस राहून गेलास, अर्ज भरलास, दाखला जोडलास, सगळं नीट केलंस. कंपनीचा चेक परवा आला.

तू गेल्यावर कोट आवरायला घेतला. आतल्या खिशात तुझं पत्र होतं, तेवीस सप्टेंबरचं. मला त्या पत्राची खबर नव्हती. एकवीस ऑक्टोबरखाली तांबडी रेघ आहे. दोघांची, काहीही न कापता, ह्याच्याखाली दोन रेघा आहेत, आणि समासात ह्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, ठीक आहे, छापावे.

आता सगळं एकेक करून आठवतं. ऑक्टोबरच्या सहा तारखेला रक्त चढवायची पाळी होती. म्हणाले, की हात सुजलाय, आठवडाभर थांबू. मी थांबले. तेराला म्हणाले, की आज अंगात जोर आहे, उगाच कशाला? मला वाटलं, सुयांना कंटाळले. मी चिडले, रडले, डॉक्टरांना घरी घेऊन आले. डॉक्टरांशी गोड बोलून त्यांनी बावीस तारीख ठरवून घेतली. माझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाले, की बावीसला सकाळी आठ वाजता तयार असेन, मागे हटणार नाही. मी वेडी, वहीत लिहून ठेवलं. खरंच आले असते रे. एकवीस उलटली असती, तर हे आठच्या आधीच चपला घालून दारात उभे राहिले असते. वीसलाच गेले.

डॉक्टरांना मी काल विचारलं. बोटीवर जाणं होणारच नव्हतं, ते म्हणाले. पण रक्त चालू असतं तर डिसेंबर गाठला असता, खुर्चीत बसून, बोलत. म्हणजे माझे सहा आठवडे गेले. मला बोट नको होती, ढब्बू. मला ते सहा आठवडे हवे होते. बोट फक्त त्यासाठी होती. हे त्यांना मी कधी तोंडाने सांगितलं नाही, आणि त्यांना वाटलं माझी शिल्लक बुडतेय.

मी तू दिलेली चोपडी उघडलीसुद्धा नव्हती. घरात चाळीस वर्षं बारीक अक्षर वाचणारा माणूस आणि मला वाटलं, तो फक्त तिकीट वाचेल. तू मला फेब्रुवारीत म्हणालास, दमडी परत नाही. कलम चौदा तेव्हा का सांगितलं नाहीस? आणि मला नाही सांगितलंस, तर त्यांना कशाला सांगितलंस? तुला काय ठाऊक, हे मीच स्वतःला समजावते. पण तुझ्यावर राग नाही असं लिहायला घेतलं आणि ते खोडावं लागलं. राग आहे.

आज बोट सुटली असेल. चेक मशीनच्या खणात आहे. तू लिहिलंस ते अगदी बरोबर होतं, एक पैसाही कापलेला नाही. मी तुला लिहिलं होतं ना, की पैसे परत मिळणार असतील तर हे निर्धास्त जातील. तसेच गेले.

काही दिवस पत्र पाठवू नकोस. लोभ कुठे जात नाही, पण सध्या त्याला हात लावू नये.

तुझी,
ताई