समुद्र डावीकडे ठेवून

प्रिय संचू, माझ्या रागीट बाये,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. 'आई, नंतर बोलू' म्हणतेस नि ठेवतेस. समोर येऊन बोलावं तर आपण दोघी एकाच मातीच्या, भांडणाशिवाय दुसरं काही व्हायचं नाही. म्हणून हा कागद. आरिफाच्या हाती देतेय. तिच्या दुकानावरची माडी तू भाड्याने घेतलीस खरी, पण हल्ली ती तुझी घरमालकीण कमी नि माझी हेर जास्त आहे. तू वाचून संपवेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं मी तिला बजावलंय. तेव्हा मुकाट्याने वाच.

तिनेच मला सांगितलं की महिनाअखेरीस तू खोली सोडतेयस. ते तुझं लांबलचक टेबल विकायला काढलंयस, आणि बंगळुरूला कुठल्याशा मोठ्या हॉटेलात नोकरी धरतेयस. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस म्हणे, जिने आपल्याच आईला वाकडी केली ती लोकांना काय सरळ करणार? अगो, हे ऐकलं आणि मी विळीवर बसले होते तशीच बसून राहिले. मांजराने बांगडा पळवला, तेही मला नंतर कळलं. शिरा पडो त्या बंगळुराच्या तोंडार!

तुझ्या या कामाची पहिल्यांदा टर उडवली ती मीच. पुण्याला शिकून आलीस तेव्हा मी शेजारच्या आनंदीबाईला म्हटलं होतं, बघ, एवढी वर्षं घालवून आमची पोरगी मालिश शिकून आली, ती आमची सुईण एका नारळाच्या बिदागीवर करायची. तू रागाने लाल व्हायचीस. मालिश नाही गं आई, मालिश नाही. शेवटी एकदा मी मोरी मासा सोलत असताना तू सुरी माझ्या हातातून काढून घेतलीस, आणि कातडी नि मांस यांच्यामधला पांढरा पातळ पापुद्रा मला ओढून दाखवलास. माणसाच्या अंगातही असाच पापुद्रा डोक्यापासून तळव्यापर्यंत सगळं बांधून ठेवतो, म्हणालीस. वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढ बसली की तो तिथे आखडतो, चिकटतो, आणि मग सगळं अंग तिकडे खेचतो. तू तो हातांनी हळूहळू मोकळा करतेस. ते मात्र मला पटलं. माशाचं उदाहरण दिलं की मला सगळं पटतं.

आधी तुझे बाबा आले तुझ्याकडे. होडीवर मागे बघायचं तर आमचे हरिश्चंद्र मालक अख्खे वळायचे, मान म्हणून वळायची नाही. आता मान वळते. इतकी वळते की मी पाठीमागून गुपचूप चहात साखर कमी घातली तरी त्यांना दिसतं. ते बघून बाजारपेठेतले लोक यायला लागले. तो टेलर, त्या बँकेतल्या बाई, स्कूबावाली पोरं. हातापायाला मुंग्या येतात म्हणणाऱ्याला तू आधी डॉक्टरकडे पाठवायचीस, तेही मला आवडायचं. आरिफा म्हणायची, सुशीलाकाकी, जिन्यात चपला ठेवायला जागा नाही. मी रवळनाथाला जाऊन नारळ ठेवून आले. तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय.

मग तुझ्या हट्टापायी मी आले. भिंतीवर तू गवंड्याचा ओळंबा टांगलायस, त्याच्यापुढे मला पाठमोरी उभी करून फोटो काढलास आणि दाखवलास. आवशीचो घो! माझी कंबर डावीकडे बाहेर पडलेली, नि वरचं अंग उजवीकडे कललेलं. उन्हाने वाकलेलं वल्हं बरं, इतकी वाकडी. मी हसले. तू हसली नाहीस. पहिल्या दोन खेपांना सगळं छान झालं. तुझं कोपर माझ्या पाठीत इतक्या सावकाश उतरायचं की दुखतंय की बरं वाटतंय तेच कळायचं नाही. घरी जाताना पाय जमिनीला नीट टेकल्यासारखे वाटायचे. तिसऱ्यांदा तू त्या डाव्या कमरेला हात घातलास, बराच वेळ तिथेच थांबलीस, आणि अगदी हळू विचारलंस, आई, मला याच कडेवर घ्यायचीस ना?

तुला पायाचं आठवतं ते फक्त शेवटचं, बुटांचं. त्याच्याआधीचं तुला कुठलं आठवायला. जन्मताच तुझा एक पाय आत वळलेला. बांबुळीच्या इस्पितळात जायचं, प्लास्टर घालून यायचं, ते कापायचं, परत घालायचं. इतर पोरं वाळूत धावायला लागली तेव्हा तू माझ्या कडेवर. शाळेत जायला लागलीस तरी माझ्या कडेवर. डोक्यावर माशांची पाटी, कडेवर तू आणि तुझं ते दगडासारखं प्लास्टर. लोक म्हणत, घरी ठेव गो तिका. कुणाकडे ठेवणार? आणि मला ठेवायची नव्हतीच. वाटेभर तू बडबडायचीस. कावळ्यांशी, खेकड्यांशी, माझ्या पाटीतल्या माशांशीसुद्धा. त्या मेलेल्या माशांना तू नावं द्यायचीस, आणि विकले गेले की रडायचीस.

तर त्या दिवशी तू विचारलंस, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या पाठीवर तुझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं. रडत होतीस. वर म्हणालीस, आई, मला माफ कर. तेव्हा मी उठले. लुगडं गुंडाळलं, पोलकं उलटं घातलं आणि तशीच भर बाजारातून निघून आले. तुला वाटलं, आईला दुखलं म्हणून आई रागावली. बाजाराला वाटलं, सख्खी आई पळाली म्हणजे पोरीच्या हाताला गुण नाही. दुसऱ्या दिवसापासून तुझा जिना मोकळा झाला, हे मला आरिफाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी का उठले ते आज लिहिते. माझ्या जन्मातली सगळ्यात चांगली वर्षं कुठली म्हणून कुणी विचारलं तर मी तीच सांगीन, तू कडेवर होतीस ती. आणि तू त्यांचीच माफी मागत होतीस. मला सोसलं नाही, बाये. म्हणून पाय निघाले.

पण खरं सांगते, घरी आल्यावर मलाही वाटलं, पोरगी म्हणते तसं असेलही. एवढं शिकली आहे. कंबर वाकडी, पोर कडेवर, हिशेब तर बरोबर बसतो. वाकले तर वाकले, आईच्या कमरेचा दुसरा उपयोग काय, असं म्हणून मी कामाला लागले. तुझ्या मनातलं मात्र काढायचं कसं ते सुचेना. मग परवा लिलाव आटपून आम्ही बायका किनाऱ्यावर बसलो होतो, आणि आनंदीबाई उठून पाण्याकडे चालायला लागली. मी तिला पाठमोरी बघितलं आणि ओरडलेच, गो थांब, हलू नको! गळाच्या तंगुसाला शिसं बांधून मी तुझ्यासारखा ओळंबा केला आणि तिच्या पाठीमागे धरला. कंबर डावीकडे बाहेर. माझ्यापेक्षा जास्त. आनंदीबाई, जिच्या कडेवर देवाने कधी पोर बसवलंच नाही! मग मी सगळ्यांनाच ओळीत उभ्या केल्या. काय ती मजा! जाणारे पर्यटक आमचे फोटो काढत होते, त्यांना वाटलं कसला सण आहे. संचू, एकूण एक बाई डावीकडे. आनंदीबाईची भावजय तेवढी मसुऱ्याहून, तिथल्या शेतीतून पाहुणी आली होती. भाताची लावणी करून करून ती पुढे वाकलीय, पण बाजूला म्हणशील तर कणभर नाही.

डोकं चाललं ते आनंदीबाईचं. ती म्हणाली, सुशीला, आपण सकाळी उत्तरेला तारकर्लीपर्यंत चालतो ते कुठून? पाण्याकडेने, ओल्या वाळूवरून, कारण कोरड्या वाळूत पाय रुततो. समुद्र डावीकडे. आणि किनारा तर उतरता, डावा पाय नेहमी खाली, उजवा वर. परत येताना पाटी रिकामी, म्हणून एसटीने. म्हणजे जन्मभर एकाच बाजूने गेलो, उलटं कधी आलोच नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथे अंगण खरंच वाकडं निघालं. आम्ही सगळ्या इतक्या हसलो की भावजयीला वाटलं आम्हाला चढली.

पण तुझा स्वभाव मी जाणते. तू म्हणशील, थोडा उतार, थोडी मी. म्हणून तेवढ्यावर मी हा कागद लिहायला घेतला नव्हता. घेतला तो काल जे झालं त्यामुळे. आनंदीबाईची भाची सारिका माहेरी आलीय, तिने पाणी भरायला जाताना आपली लेक माझ्या हातात दिली. मी घेतली आणि उभी राहिले, माडांखाली फेऱ्या मारत. आनंदीबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, सुशीला, खंयच्या कडेवर घेतलंस गो? मी बघितलं. उजव्या. मुद्दाम डावीकडे घेऊन पाहिली, तर पोर घसरायला लागली, धरताच येईना. हाताला माहीतच नाही ती बाजू. मग सगळं आठवलं. लाटांना तू भ्यायचीस, संचू. पाण्याच्या बाजूला घेतलं की किंचाळून आकाश डोक्यावर घ्यायचीस, म्हणून सदान्‌कदा उजवीकडे, जमिनीच्या बाजूला. आनंदीबाई माझ्या उजवीकडून चालायची, तिचे केस ओढून तू तिला हैराण करायचीस, हे ती आजही सांगते. म्हणजे बघ, एवढी वर्षं समुद्र मला एकीकडे ओढत होता आणि तू दुसरीकडे. बाकीच्या बायकांहून मी जरा कमी वाकडी आहे, ती कुणामुळे? तू मला वाकवलं नाहीस गो. तू मला तोलून धरलंस. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा सकाळच्या गाडीने मी येतेय, आनंदीबाई येतेय, आणि त्या दिवशीच्या ओळीतल्या सगळ्याजणी येतायत, भर बाजारातून, मोठमोठ्याने बोलत. टेबल विकून टाकलं असशील तर जमिनीवर चटई घाल.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून चिडलेली,
आई